गोळी, गाडी आणि पाचवं शील

सुरुवातीलाच

माझ्या दारात अधूनमधून कुणीतरी येऊन उभं राहतं. बहुतेक वेळा कुणाची तरी बायको असते. आवाज खाली घेऊन विचारते, "तुम्ही ती गोळी घ्यायचात ना, तीच आता आमच्या ह्यांना लिहून दिलीय. देऊ का नको?" मी तिला आत बोलावतो, पाणी देतो आणि जे सांगतो तेच इथे लिहितोय. मी डॉक्टर नाही, ड्रायव्हर आहे. लिहिताना कुठे घसरलो तर सांभाळून घ्या, रस्त्यावर फारसा घसरलेलो नाही.

गोळीचं नाव मॉर्फिन. बारा तास पुरणारी. नव्वदच्या दशकाच्या मधल्या वर्षांत मी ती जवळजवळ दीड वर्ष घेतली. आता बंद आहे, हाडातली गाठ गप्प बसलीय आणि मी एवढी बडबड करतोय म्हणजे जिवंत आहे. पण त्या दिवसांत दुखण्याइतकाच त्रास मला एकटेपणाचा झाला, आणि त्यावर हॉस्पिटलात कुणी काही लिहून देत नाही. म्हणून हे लिहितोय.

ड्रायव्हरची कंबर

मी कोलशेतच्या एका कंपनीची स्टाफ बस चालवायचो. बस माझ्याकडेच, मानपाड्याला रोडच्या कडेला उभी असायची. सकाळी डोंबिवलीची माणसं भरायची, शिळफाटा, मुंब्रा, कळव्याचा पूल, ठाणं, माजिवडा करत कोलशेतला उतरवायची, संध्याकाळी तीच वरात परत. वर्षानुवर्षं तीच माणसं, त्याच सीटा. कोण कुणाशी बोलत नाही, कुणाचं प्रमोशन अडकलंय, कुणाच्या सुनेला दिवस गेलेत, मला सगळं ठाऊक. आरशातून सगळं दिसतं. माझी बायको शकू म्हणायची, "तुमचा खरा संसार त्या बसमध्येच आहे." खोटं नव्हतं ते. मुलगी लग्न होऊन नाशिकला गेलेली, शकू एमआयडीसीतल्या कंपनीत पॅकिंगला जायची. मी माणसांत असायचो तो बसमध्येच.

डाव्या बाजूला कमरेत दुखायला लागलं तेव्हा मी लक्ष दिलं नाही. आमच्या लाइनमध्ये कंबर दुखत नाही असं सांगणारा एक तर नवा असतो नाहीतर थापाड्या. बाम झाला, पट्टा झाला, भिवंडीकडचा एक हाडवैद्य झाला. मग एक दिवस कळव्याच्या पुलावर क्लच दाबला आणि पाय वर येईना. मागे हॉर्नचा गोंधळ, बसमधली माणसं विचारतायत काय झालं मधुकर, आणि मी दोन्ही हातांनी स्वतःची मांडी उचलतोय. कशीबशी गाडी बाजूला घेतली आणि सगळ्यांना चालत पूल उतरायला सांगितलं. इतक्या वर्षांत माणसं अर्ध्या रस्त्यात उतरवायची ती पहिलीच वेळ.

सोबत कोण आलंय?

डोंबिवलीच्या डॉक्टरने एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला. फार वेळ धरला. मीही बघत होतो, पण मला त्यात काय कळणार, सगळा धूरच धूर. मग त्याने फिल्म खाली ठेवली आणि विचारलं, "सोबत कोण आलंय?"

पुढे तो बरंच बोलला, पण मला तेवढ्यातच कळलं. समोर एकटा माणूस बसलेला दिसत असताना सोबत कोण आहे असं विचारतात, तेव्हा समजायचं. मी म्हटलं, एकटाच आलोय, मलाच सांगा. हाडात गाठ आहे, मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात जा, वेळ घालवू नका, असं त्याने सांगितलं. बाहेर येऊन टपरीवर कटिंग सांगितली आणि ती यायच्या आत निघून आलो. चहावाला मागून हाका मारत होता.

घरी शकू मेथी निवडत बसलेली. तिला सांगितलं तर तिने हात थांबवला नाही. अख्खी जुडी निवडली आणि शेवटी देठं आणि पानं एकाच टोपलीत टाकली. मग तिचं तिलाच कळलं आणि ती परत वेगळी करायला बसली. त्या दिवशी आमचं जे काही बोलणं झालं ते मेथीबद्दलच झालं.

कोपऱ्यातली खोली

गाठ अशा जागी होती की ऑपरेशनने पूर्ण काढता येणार नव्हती, म्हणून रेडिएशन. तिथे सगळे त्याला लाइट म्हणायचे. लाइट घ्यायला बाकावर रांगेने बसायचं. बाजूचा पहिला प्रश्न विचारायचा, "कुठलं?" मी पहिल्या दिवशी म्हटलं, डोंबिवलीचा. तो म्हणाला, "तसं नाही हो. मी घशाचा. तुम्ही?" मग मीही शिकलो. मी कमरेचा. चार-पाच जणांशी अशी ओळख झाली. आपापलं नाव सांगायचं कुणाला सुचलंच नाही. एखादा यायचा बंद झाला की बाकीचे जरा सरकून बसायचे.

लाइटचा गुण यायला वेळ लागतो. तोवर दुखणं आपलं काम चोख करत होतं. मी शिव्या देणारा माणूस नाही, पण त्या महिन्यात मी उशीला काय काय बोललोय ते त्या उशीलाच ठाऊक. खोकला आला की भीती वाटायची, शिंक आली की डोळ्यांपुढे अंधारी. शेवटी तिथल्याच एका नर्सने मला कॉरिडॉरच्या टोकाला एक लहान खोली दाखवली. दुखण्याचा वेगळा दवाखाना होता तो. आत एक डॉक्टरबाई. तिने रिपोर्ट बाजूला ठेवले आणि विचारलं, दुखण्यामुळे कुठली कुठली कामं सुटली? मी म्हटलं, बस चालवणं. आणखी? डाव्या कुशीवर झोपणं. आणखी? मग मी रडायला लागलो. चारचौघांत रडणारा माणूस मी नव्हे, पण तोवर मला हे कुणी विचारलंच नव्हतं.

तिने मॉर्फिन लिहिलं. हे नाव मी फक्त सिनेमात ऐकलेलं, आणि सिनेमात ते ज्याला देतात तो पुढच्या रिळात नसतो. मी विचारलं, "म्हणजे माझं संपलं का?"

बाईंनी चिठ्ठी माझ्याकडे फिरवली. "खाली बघा. पोट साफ होण्याचं औषधही लिहिलंय. संपलेल्या माणसाच्या पोटाची मी कशाला काळजी करू?"

हसूच आलं मला. हे पोटाचं मात्र खरं निघालं. गोळी सुरू करणाऱ्याने इसबगोल, पपई, पाणी, जे चालेल ते पहिल्या दिवसापासून सुरू करावं. लाजू नये. मी लाजलो आणि त्याची फळं भोगली.

बाईंचे नियम सोपे होते. सकाळी एक, संध्याकाळी एक, ठरलेल्या वेळी. दुखो न दुखो, घ्यायची. चावायची नाही, तोडायची नाही, कुटायची तर नाहीच, कारण बारा तासांचं औषध मग एकदम अंगावर येतं. आणि डोस अंगी बसेपर्यंत, म्हणजे झापड जाईपर्यंत, गाडीला हात लावायचा नाही. डोस वाढवला की परत तोच नियम. मी विचारलं, आणि बसल्यावर? त्या म्हणाल्या, "तेव्हा बघू. पुष्कळांना डोस बसल्यावर नेहमीची कामं जमतात." हे एक वाक्य मी घट्ट धरून ठेवलं. माझं सगळं त्यावरच उभं होतं. बस परत मिळाली तर मी परत मी, नाहीतर खाटेवरचं गाठोडं.

कुकरची शिट्टी

पहिली गोळी घेतली त्या दिवशी दुपारी पडलो होतो आणि शेजारच्या घरातल्या कुकरची शिट्टी ऐकू आली. आता तो कुकर रोजच वाजत असणार, पण मला कित्येक महिन्यांत दुखण्यापलीकडचं काही ऐकूच आलेलं नव्हतं. दुखणं गेलं नव्हतं. ते उठून शेजारच्या खोलीत जाऊन बसलं होतं. मी हळूच डाव्या कुशीवर वळलो, आणि तसाच पडून राहिलो. सुख म्हणजे काय असं मला कुणी विचारलं तर मी ती दुपार सांगीन.

पण पुढचे काही दिवस माझं डोकं जाग्यावर नव्हतं. तोंडात घास असताना डुलकी लागायची. एकदा मान आमटीच्या वाटीवर आली. शकू समोर बसून बघत होती, आणि ती कशी बघतेय ते मला कळलं. माझा बाप हातभट्टीने गेला. त्याची शेवटची दोन वर्षं शकूनेच काढली, नवी नवरी असताना. त्याचीही मान अशीच ताटात यायची.  उठून ताट उचललं आणि मोरीत नेऊन घासत बसली.

उघडं दार

शकू सकाळी कामाला गेली की मी दार उघडं ठेवायचो. चाळीत तळमजल्याला खाटेवरून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाय दिसतात. पायांवरून मी माणसं ओळखायला शिकलो. सुरुवातीला ते पाय दाराशी थांबायचे, आत यायचे. कंपनीतले लोक रविवारी मोसंबी घेऊन आले, बसमधल्या बायका आल्या, सगळ्यांनी "लवकर बरे व्हा, तुमच्याशिवाय मजा नाही" असं सांगितलं. मग हळूहळू पाय नुसते जायला लागले. त्यांचा दोष नाही. आजारी माणसाकडे सांगण्यासारखं एकच असतं आणि ते ऐकून झालेलं असतं.

सकाळी माझी बस मेन रोडवरून जायची. कंपनीने बदली ड्रायव्हर ठेवला होता. गिअर टाकताना खरकन् आवाज करायचा मेला. खाटेवरून ऐकू यायचं आणि माझा जीव तळमळायचा. बस गेली की दिवस संपल्यासारखाच. मी रेडिओ लावायचो, बंद करायचो. भिंतीवरच्या पालीशी बोलायचो. ती निदान ऐकून तरी घ्यायची. शकू दमून यायची, स्वयंपाक करायची, विचारायची, गोळी घेतली? मी म्हणायचो, घेतली. एवढंच आमचं बोलणं. ती माझ्यावर रागावलेली नव्हती. भ्यायलेली होती. पण भ्यायलेलं माणूस आणि रागावलेलं माणूस खाटेवरून सारखंच दिसतं.

एक शब्द

शकूच्या कंपनीत एका बाईने तिला विचारलं, नवऱ्याला कसली औषधं चालू आहेत? तिने सरळ नाव सांगितलं. तिला काय माहीत. त्या बाईच्या भावाला माहीत होतं की मॉर्फिन अफूपासून करतात. झालं. तिथून ते आमच्या चाळीत यायला कितीसा वेळ लागणार?

त्या काळी स्टेशनच्या पुलाखाली गर्दुल्ले पडलेले असायचे. ब्राऊन शुगरवाले. नाक गळतंय, अंग खाजवतायत, डोळे कुठेतरी लागलेत. मी स्वतः त्यांना बघून किती वेळा थुंकलोय. तोच शब्द आता पाणी भरायच्या नळावरून माझ्या उघड्या दारातून आत आला. "तळमजल्याचा मधुकर पण गर्दुल्लाच झाला म्हणायचा. डॉक्टरच्या चिठ्ठीवरचा गर्दुल्ला." आणि हसले. मी उठून दार लावलं. त्यानंतर दार लावलेलंच राहिलं.

रविवार

आता हे नीट सांगायला हवं, कारण यात मी जो घोळ घातला तो आमच्यातलाच माणूस घालू जाणे. आम्ही बौद्ध. आमच्या वस्तीच्या विहारात दर रविवारी सकाळी वंदना होते, आणि पुढे बसून त्रिसरण-पंचशील सांगायचं काम वर्षानुवर्षं माझ्याकडे. माझा आवाज मोठा, बस चालवून चालवून झालेला. मी एक एक शील म्हणायचो, सगळी सभा मागून म्हणायची. पाचवं शील म्हणजे दारू आणि नशेच्या पदार्थांपासून दूर राहीन. बापाच्या पायी ते माझं सगळ्यांत लाडकं. ते म्हणताना माझा आवाज आपोआप चढायचा आणि मी मुद्दाम मागच्या दोन-तीन पिणाऱ्यांकडे बघायचो. ते बिचारे मान खाली घालायचे.

दुखणं आवरल्यावर विहारातून निरोप आला, या आता, तुमच्याशिवाय वंदनेला जोर नाही. मला जायचं होतं. घर खायला उठलेलं. पण अफूची गोळी पोटात असताना मी पाचवं शील कुठल्या तोंडाने सांगणार? मग मी डोकं चालवलं. शनिवार संध्याकाळची गोळी घेतली नाही, रविवार सकाळची पण नाही. निर्मळ अंगाने जायचं, शीलं सांगायची, घरी येऊन गोळी घ्यायची. शकूलाही सांगितलं नाही. बाईंना विचारायचा तर प्रश्नच नव्हता, त्यांना शीलाचं काय कळणार असं मी धरून चाललो.

विहारात जाऊन बसलो तेव्हा दुखणं शेजारच्या खोलीतून परत आलेलं होतं. पहिलं शील सांगितलं. दुसऱ्याला घाम फुटला, पांढरा शर्ट पाठीला चिकटला. तिसऱ्याला नाक गळायला लागलं, जांभयांवर जांभया. हात कापत होते ते मी मांडीखाली दाबून धरले. चौथं कसंबसं झालं. पाचव्याला तोंड उघडलं आणि दातावर दात आपटायला लागले. शब्द फुटेना. सगळी सभा माझ्या तोंडाकडे बघत मागून म्हणायची वाट बघतेय, आणि त्यांच्यासमोर बसलाय कोण? कापणारा, नाक गळणारा, घामाघूम. पुलाखालच्या माणसाची हुबेहूब नक्कल.

ज्या एका दिवशी माझ्या पोटात गोळी नव्हती, त्याच दिवशी सगळ्यांची खात्री पटली. कुणीतरी मागून हळूच म्हणाला, "बघ, चढलीय." दोघांनी मला दंडाला धरून घरी आणलं. चाळीतल्या सगळ्या दारांत माणसं. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं की अरे, चढली नाही, उतरलीय म्हणून हे. कोण ऐकणार?

गुरुजी आले

आठवडाभर कुणी फिरकलं नाही. मग वाघमारे गुरुजी आले. नगरपालिकेच्या शाळेतून रिटायर झालेले, विहारात सगळ्यात वडील. खुर्ची ओढून खाटेजवळ बसले आणि सरळ विचारलं, काय केलंस? मी सांगितलं. ते चिडले. मला वाटलं गोळीवर चिडतील, पण ते गोळी चुकवल्याबद्दल चिडले.

"इतकी वर्षं शील सांगतोस," ते म्हणाले, "त्यात शब्द काय आहे? पमादट्ठाना. पमाद म्हणजे गाफीलपणा. माणूस गाफील होतो म्हणून नशा वाईट. तू दुखण्याने कापत असतोस तेव्हा शुद्धीवर असतोस का? मग शील गोळी घेऊन मोडलंस की चुकवून, ते तूच ठरव. औषध घे. फक्त गाफील राहू नकोस."

मी त्यांना म्हटलं, हे तुम्ही विहारात सगळ्यांना सांगाल का?  ते म्हणाले, "सांगीन. पण लोक जे डोळ्यांनी बघतात तेच धरतात, मधू." त्यांनी सांगितलंही. फरक पडला नाही. पुढे शील सांगायला दुसऱ्याला बसवलं होतं, आणि मीही परत गेलो नाही. पण गुरुजींचं ते सांगणं माझ्याजवळ राहिलं. त्यानंतर मी एकही गोळी चुकवली नाही.

लिंबू

त्यानंतरचे महिने खरोखर बरे गेले. डोस बसला. झापड गेली, डोकं लख्ख झालं. हे मी मुद्दाम सांगतो, कारण गोळी घेणारा माणूस कायम तारेत असतो असं लोकांना वाटतं. तसं नसतं. मी पेपर वाचायचो, बाजारहाट करायचो, शकूचे डबे भरायचो. मी हाताची परीक्षा म्हणून लिंबू भिंतीवर मारून झेलायचो. शकू म्हणायची, "सरबताचं लिंबू आहे ते, क्रिकेट नका खेळू." बऱ्याच दिवसांनी ती माझ्याशी अशी बोलली होती.

मी डॉक्टरबाईंकडे जाऊन बसचं विचारलं. त्यांनी तपासलं, बरेच प्रश्न विचारले. म्हणाल्या, डोस बरेच दिवस तोच आहे, झापड नाही, माझ्या बाजूने हरकत नाही, मी तसं लिहून देते. मग पेन खाली ठेवलं. "बसमध्ये माणसं किती?" मी म्हटलं, भरून असते. त्या म्हणाल्या, "मला बाहेरून जेवढं दिसतं तेवढं मी लिहिलं. आतलं फक्त तुम्हाला कळणार."

मी त्यावर फार विचार केला नाही. सर्टिफिकेट घेऊन मी हवेत होतो.

कोलशेत रोड

कंपनीच्या गाड्यांचा कारभार देसाईसाहेबांकडे. ते म्हणाले, सर्टिफिकेट ठीक आहे, पण मी ट्रायल घेणार. रिकामी बस, कोलशेतहून माजिवडा आणि परत. सोबत गॅरेजचा मेकॅनिक जनार्दन, कोलशेत गावचाच कोळी, माझा जुना दोस्त. मी सीटवर बसलो तेव्हा जनार्दनने माझ्याकडे न बघता आरसा पुसला. बदली ड्रायव्हरने आरसा वाकडा करून ठेवला होता, तो मी सरळ केला.

गाडी काय चालली म्हणून सांगू! क्लच दाबताना कमरेने तोंडदेखली तक्रार केली, बस्स. माजिवड्याच्या गर्दीतून ट्रकांच्या मधून मी ती लोण्यातून काढल्यासारखी काढली. देसाईसाहेब मागे टेकून बसले. मला वाटलं, संपलं सगळं, आता सोमवारपासून डोंबिवलीची माणसं परत आरशात.

येताना कोलशेत रोडवर, खाडीकडून येणाऱ्या वाटेने एक मासळीवाली डोक्यावर टोपली घेऊन रस्त्यात उतरली. मी ब्रेक मारला. बस तिच्यापासून चांगल्या अंतरावर थांबली, धक्कासुद्धा बसला नाही. ती मात्र एक पाऊल मागे सरली, काचेतून थेट माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "डोले फुटले काय रं तुजे?" आणि निघून गेली.

देसाईसाहेब हसले. म्हणाले, चूक तिचीच, तुम्ही झकास थांबवलीत.

मी हसलो नाही. तिला बघितलं होतं मी. बघितलं हे मला कळलंही होतं. आणि त्यानंतर पाय ब्रेकवर गेला. आधी असं नव्हतं. आधी डोळा आणि पाय एकच होते, पाय गेला की मग मला कळायचं की रस्त्यात कुणीतरी आहे. आता मधे कुणीतरी निरोप न्यायला होता. निरोप चटकन नेत होता, पण नेत होता. आणि हा उजवा पाय, तो तर आजारीही नव्हता. बस रिकामी होती, वेग कमी होता, म्हणून झकास. मुंब्र्याच्या उतारावर, भरल्या गाडीने, शाळा सुटायच्या वेळी? दुसऱ्याचा पाय मला माहीत नाही. गोळीवर गाडी नीट चालवणारे असतील, आहेत. मी माझ्या पायाचं सांगतोय.

गेटवर गाडी लावली आणि देसाईसाहेबांना म्हटलं, "साहेब, मला पास करू नका."

ते म्हणाले, "वेड लागलंय का मधुकर? लोक पास करा म्हणून मागे लागतात."

"मला उशीर झाला."

"मना तं काय दिसला नाय रं," जनार्दन म्हणाला. "गाडी टायमात थांबली."

"गाडी वेळेत थांबली. मी उशिरा थांबलो," मी म्हटलं. यापेक्षा नीट मला सांगता आलं नाही, आणि त्या दोघांना ते कळलंही नाही. देसाईसाहेब वैतागले. शेवटी त्यांनी काहीतरी कारण लिहायचं म्हणून औषधं चालू असल्याने ड्रायव्हिंगला अयोग्य असं लिहिलं, आणि मला गेटवर टाइम ऑफिसमध्ये बसून हजेरी लिहायचं काम दिलं. भला माणूस. जनार्दनने बस आत नेली. मी गेटबाहेर उभा राहून ती वळताना बघितली.

संध्याकाळ

असल्या बातम्यांना पाय असतात. मी घरी पोचायच्या आत ती डोंबिवलीत पोचली होती, आणि वाटेत चांगली जाडजूड झाली होती. गोळ्या खाऊन गाडी चालवायला गेला, एक बाई मरता मरता वाचली, साहेबाने तिथल्या तिथे खाली उतरवला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हे. पण मी कुणाकुणाला सांगणार? पास झालेला माणूस स्वतःच्या तोंडाने मला नापास करा म्हणतो, हे मलाच कुणी सांगितलं असतं तर मीही हसलो असतो.

शकू कामावरून आली. तिने ऐकलेलं होतं, चपला काढायच्या पद्धतीवरूनच कळलं.  पण मला तिला सांगायचं होतं. बाकी जग गेलं खड्ड्यात, हिला तरी खरं कळायला हवं. मी सगळं सांगितलं. माजिवडा, मासळीवाली, पाय, मीच नको म्हटलं ते. सांगताना माझा आवाज विहारात व्हायचा तसा चढला. ती माझ्याशेजारी खाटेवर बसून सगळं ऐकत होती. मी थांबलो तेव्हा ती म्हणाली, "असू द्या हो. होतं असं. इतकं मनाला लावून घेऊ नका. माझ्याजवळ असं काही रचून सांगायची गरज नाही तुम्हाला."

मी तोंड उघडलं. रचत नाहीये मी, खरं सांगतोय, जनार्दनला विचार, देसाईसाहेबांना विचार. पण तेवढ्यात तिने माझ्या पाठीवर हात ठेवला, डाव्या बाजूला, कमरेच्या जरा वर. दुखणं सुरू झाल्यापासून तिने तिथे हात लावला नव्हता, लागेल या भीतीने. ती हळूहळू हात फिरवत राहिली, पोराला थोपटावं तसा.

मी बोललो असतो तर तिने तो हात काढून घेतला असता. मी बोललो नाही.